नगर कुणाला जवळ, कुणाला लांब

पुण्याहून नगर किती लांब, या साध्या प्रश्नाला निदान तीन खरी उत्तरं आहेत. नकाशावर पट्टी ठेवून मोजलं तर सुमारे ११२ किलोमीटर. वाघोली, शिक्रापूर, शिरूर, सुपा असं रस्त्यानं गेलं तर सुमारे १२०. आणि रेल्वेनं जायचं तर आधी पूर्वेला दौंड गाठायचं, तिथून उत्तरेकडे वळायचं, म्हणजे १६० च्या आसपास. पहिल्या दोन आकड्यांत जेमतेम आठ किलोमीटरांचा फरक आहे. दोन शहरांमधला रस्ता याहून फारसा सरळ असू शकत नाही. वाटेत बोर किंवा थळसारखा घाट नाही. भीमा आणि घोड या नद्या आहेत, पण त्यांवर पूल बांधणं कुणाला अशक्य नव्हतं. तरीही लोहमार्ग चाळीस किलोमीटरांचा वळसा घेऊन गेला. का गेला, हे शोधायला लागलं की या जिल्ह्याच्या पाचशे वर्षांच्या प्रवासाचा इतिहास उलगडतो आणि त्यातून एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते: इथली अंतरं बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाच्या तरी गरजेपोटी कमी झाली. कधी सैन्याला, कधी सरकारला, कधी दूरवरून येणाऱ्या यात्रेकरूला नगर जवळ हवं होतं. नगरच्या माणसाला कुठे जायचं आहे, हा विचार मागाहून झाला किंवा झालाच नाही. जिल्ह्याचं अधिकृत नाव आता अहिल्यानगर आहे. ज्या काळाबद्दल इथं लिहायचं आहे त्या काळात लोक नगर म्हणत, म्हणून पुढेही तेच नाव वापरलं आहे.

मुळात हे शहर जन्माला आलं तेच अंतराच्या हिशेबातून. मलिक अहमद निजामशहानं २८ मे १४९० रोजी भिंगारजवळ बहमनी फौजेचा पराभव केला आणि त्याच परिसरात पुढे राजधानी वसवली. त्याची गादी जुन्नरला होती आणि नजर दौलताबादवर. फिरिश्ता या इतिहासकारानं नोंदवलेलं कारण असं, की ही जागा जुन्नर आणि दौलताबाद यांच्या मध्यावर पडते. इथून दरवर्षी सुगीच्या वेळी फौज पाठवून दौलताबादच्या मुलखातली पिकं उद्ध्वस्त करता येतील आणि किल्ला उपाशी पाडता येईल. झालंही तसंच, १४९९ साली दौलताबाद त्याच्या हाती आलं. पण नकाशा काढून पाहिलं तर हा ‘मध्य’ तपासून घ्यावा असा आहे. जुन्नर ते दौलताबाद सरळ रेघ ओढली तर ती नगरवरून जातच नाही. आजच्या श्रीरामपूरच्या आसपासून जाते. नगरवरून जाणाऱ्याला तीसेक किलोमीटरांचा फेरा पडतो. म्हणजे भूमितीचा मध्य वेगळा होता. अहमदशहानं निवडला तो लष्करी मध्य: जिथं नुकती लढाई जिंकली होती, जिथून दोन्ही टोकांना फौज हलवता येईल आणि दक्षिणेच्या वाटांवरही लक्ष ठेवता येईल अशी जागा. नगर कुठं आहे हे सह्याद्रीनं किंवा गोदावरीनं ठरवलेलं नाही. एका सुलतानाच्या मोहिमेनं ठरवलं.

त्या राजवटीत नगरला समुद्रही जवळ होता, हे आज सांगितलं तर नवल वाटेल. निजामशाहीचं बंदर चौल. अरबस्तानातले घोडे आणि बाहेरचा माल तिथं उतरायचा आणि बैलांच्या पाठीवरून घाट चढून वर यायचा. चौलशेजारी पोर्तुगीज ठाण मांडून बसले तेव्हा मुर्तझा निजामशहानं १५७०-७१ मध्ये त्यांना वेढा घातला. राजधानीपासून इतक्या लांबच्या किनाऱ्यावर एवढी मोठी फौज नेणं ज्याला परवडतं, त्याच्या लेखी तो किनारा लांब नसतो. जुन्नर, नाणेघाट, कल्याण ही वाट तर सातवाहनांच्या काळापासून वाहती होती. पुढे निजामशाही गेली, सत्तेचं केंद्र पुण्याकडे आणि मग मुंबईकडे सरकलं. १८३० साली बोरघाटातून गाड्या जाऊ शकतील असा रस्ता खुला झाला, १८६३ साली त्याच घाटात रेल्वे आली, आणि नगरचा कोकणाकडे जाणारा जुना मार्ग मागे पडला. माळशेज आणि नाणेघाट जागच्या जागीच होते. डोंगर एक हातही हलला नव्हता. पण नगरहून समुद्राकडे जायचं म्हणजे आधी पुण्याला जायचं, असा नियम होऊन बसला.

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की अंतर शेवटी भूगोलच ठरवतो, राज्यकर्ते फक्त त्याच्यापुढे मान तुकवतात. सह्याद्रीला खिंड आहे तिथूनच वाट जाणार, नदीला उतार आहे तिथूनच फौज पार होणार. या म्हणण्यात तथ्य आहे. पण भूगोल एकच असताना तो दोन माणसांना दोन तऱ्हेनं भेटतो, याचं नगरइतकं ठळक उदाहरण मिळणं कठीण. १८०३ साली आर्थर वेलस्लीनं दुसऱ्या बाजीरावाला पुन्हा गादीवर बसवण्यासाठी पुणे गाठलं तेव्हा शेवटचे सुमारे ६० मैल त्याच्या घोडदळानं ३२ तासांत कापले होते. तोच वेलस्ली ४ जूनला पुण्याहून निघाला आणि नगरच्या तटापुढे उभा राहायला ८ ऑगस्ट उजाडला. मधल्या काळात शिंद्यांशी वाटाघाटी चालू होत्या हे खरं, पण वाळकीजवळच्या तळावर पावसानं आणि चाऱ्याच्या टंचाईनं बैलांचे किती हाल झाले, हे त्याच्याच पत्रव्यवहारातून दिसतं. आणि तरीही लढाई पावसाळ्यात व्हावी, असाच त्याचा हिशेब होता. भरलेल्या नद्या मराठ्यांच्या घोडदळाला अडवतील आणि आपल्याकडे कातड्यानं मढवलेल्या टोपलीवजा होड्या असल्यानं आपण पार होऊ, असं त्यानं मांडलं होतं. ८ ऑगस्टला पेठ पडली, १२ ला किल्ला आला, महिना संपायच्या आत टोक्याजवळ गोदावरी ओलांडून फौज निजामाच्या मुलखात उतरली आणि २३ सप्टेंबरला असईची लढाई झाली. गोदावरीचं पात्र दोन्ही पक्षांसाठी तेवढंच रुंद होतं. ज्याच्याकडे होड्या होत्या त्याच्यासाठी ती नदी वाट झाली आणि ज्याच्याकडे नव्हत्या त्याच्यासाठी भिंत. नगरचा किल्ला त्यानं घेतला तो दाणागोटा आणि दारूगोळा साठवायला, पुढच्या मजलेचं ठाणं म्हणून. अहमदशहानंतर तीनशे वर्षांनी नगर पुन्हा कुणाच्या तरी मोहिमेचा मधला मुक्काम झालं.

रेल्वेची गोष्ट याच माळेतली, आणि ती जरा सविस्तर पाहायला हवी, कारण आजही नगरची गाडी त्याच रुळांवरून धावते. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या दोन फांद्या कल्याणहून फुटल्या होत्या. एक बोरघाट चढून पुणे, दौंड, सोलापूरकडे. दुसरी थळघाट चढून नाशिक, मनमाड, भुसावळकडे. सोलापूरचा माल नागपूरला किंवा जबलपूरला न्यायचा तर गाडीनं एक घाट उतरून कल्याणला यायचं आणि दुसरा घाट चढून परत पठारावर जायचं. हा खर्चिक उलटा प्रवास टाळायला दौंड आणि मनमाड ही दोन स्थानकं पठारावरूनच जोडायची, अशी ही जोडणी होती. लांबी सुमारे २३५ किलोमीटर. १८७६-७८ च्या दुष्काळात पोट भरायला आलेल्या मजुरांच्या हातांनी तिचं मातीकाम झालं आणि १८७८ साली गाड्या सुरू झाल्या. मार्ग कुठून कुठे जातो एवढं पाहिलं तरी हेतू कळतो. एक टोक दौंड, दुसरं टोक मनमाड. दोन्ही जंक्शनं, दोन्ही जिल्ह्याच्या बाहेर. श्रीगोंदे, नगर, राहुरी, कोपरगाव ही मधली गावं. दुष्काळातल्या नगरकरांनी आपल्या श्रमानं जो मार्ग बांधला तो दक्षिण आणि उत्तर यांना एकमेकांजवळ आणणारा होता. नगर आणि पुणे यांना जवळ आणणं हे त्याचं काम नव्हतं, म्हणून ते त्यानं केलंही नाही. पुण्याला जाणाऱ्या गाडीला दौंडला इंजिन उलट्या बाजूला जोडावं लागायचं. तो खोळंबा टाळणारी दौंड कॉर्ड लाइन अगदी अलीकडच्या वर्षांतली.

इथं दुसरा आक्षेप येतो आणि तो पहिल्याहून वजनदार आहे. हेतू काही असो, फायदा तर जिल्ह्याचाच झाला ना? झाला, हे नाकारण्यात अर्थ नाही. बेलापूर स्थानकाभोवती श्रीरामपूर नावाचं एक अख्खं शहर उभं राहिलं. प्रवरेच्या कालव्यांचं पाणी आणि हे स्थानक यांची सांगड पडली आणि ऊस, साखर, धान्य यांची बाजारपेठ बहरली. कोपरगावचंही तसंच. गंमत अशी, की जुन्नर आणि दौलताबाद जोडणाऱ्या त्या सरळ रेघेवरचा भाग अखेर चार शतकांनी वर आला, तो रेल्वेमुळे. पण हा लाभ कुठं पडला आणि कुठं पडला नाही, तेही बघायला हवं. सतरा हजार चौरस किलोमीटरांहून मोठा हा जिल्हा, क्षेत्रफळानं महाराष्ट्रात पहिला. त्याच्या पश्चिमेला अकोले, संगमनेर, पारनेर. पूर्वेला पाथर्डी, शेवगाव, जामखेड. रूळ या सगळ्यांना बगल देऊन मधून निघून गेले. संगमनेरच्या माणसाला आजही जिल्ह्याच्या कचेरीपेक्षा नाशिक जवळ पडतं, आणि जिल्ह्याचं विभाजन करा ही मागणी दशकानुदशकं चालू आहे तिच्या मुळाशी हीच पायपीट आहे. रेल्वे आल्यावर स्थानकालगतची गावं मुंबईच्या बाजाराशी जोडली गेली, आणि त्याच वेळी जामखेडसारखी गावं होती तिथंच असूनही तुलनेनं लांब गेली. ज्या अहिल्यादेवींचं नाव जिल्ह्याला मिळालं त्यांचं चौंडी हे जन्मगाव याच जामखेड तालुक्यातलं. त्यांनी धर्मशाळा, विहिरी, घाट बांधून पायी चालणाऱ्याचा प्रवास सुसह्य केला तो थेट काशी आणि गयेपर्यंत.

जवळ आणि लांब हे पाहणाऱ्यावर किती अवलंबून असतं, हे ९ ऑगस्ट १९४२ च्या दिवशी दिसून आलं. मुंबईत पहाटे काँग्रेसचे नेते पकडले गेले आणि त्यांना खास गाडीनं हलवण्यात आलं. गांधीजींना चिंचवडला उतरवून घेतलं. जवाहरलाल नेहरू, वल्लभभाई पटेल, मौलाना आझाद आणि कार्यकारिणीतले इतर नेते त्याच लोहमार्गानं पुढे नगरला आले आणि भुईकोट किल्ल्यात बंद झाले. बराच काळ त्यांचा ठावठिकाणा बाहेर कळू दिला गेला नाही. सरकारच्या दृष्टीनं ही जागा अगदी सोयीची होती: रेल्वे आहे, छावणी आहे, खंदकानं वेढलेला किल्ला आहे आणि मुंबईहून एका दिवसात कैदी पोचतो. तीच जागा मुंबईच्या चळवळीपासून, तिच्या गर्दीपासून आणि वर्तमानपत्रांपासून पुरेशी दूर. सरकारला हाताशी आणि जनतेला दृष्टीआड, हे दोन्ही एकाच लोहमार्गानं साधलं.

या सगळ्या इतिहासात एक प्रसंग वेगळा उठून दिसतो. १ जून १९४८ रोजी मुंबई राज्याच्या नव्या परिवहन सेवेची पहिली बस धावली ती पुणे ते नगर. भाडं अडीच रुपये. चालक किसन राऊत आणि वाहक लक्ष्मण केवटे ही दोन नावं महाराष्ट्राला आजही माहीत आहेत. पहिल्या गाडीसाठी हाच मार्ग निवडला गेला, याला माझ्या मते मोठा अर्थ आहे. रस्ता सरळ, घाट नाही, गावं दाट आणि रेल्वेनं जायचं तर दौंडचा वळसा. रेल्वेनं सत्तर वर्षं जो प्रवासी सोडून दिला होता तोच नेमका इथं गाडीत बसला. आणि तो एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाणाराच असेल असंही नव्हतं. लोणीकंदला चढून शिरूरला उतरणारा, सुप्याहून नगरच्या बाजाराला किंवा कोर्टाच्या तारखेला निघालेला, असे सगळे त्या गाडीचे प्रवासी. एसटीनं अंतर मोजण्याचं एककच बदललं. तिचं भाडं टप्प्यानं ठरतं, आणि टप्पा सहा किलोमीटरांचा. सहा किलोमीटर ही माणसाच्या रोजच्या कामाची लांबी आहे: शाळा, दवाखाना, तालुक्याचा बाजार. दौंड–मनमाडच्या मार्गानं दोन जंक्शनांमधलं अंतर मोजलं. एसटीनं एका वेशीपासून पुढच्या वेशीपर्यंतचं मोजलं. पुढे ‘गाव तिथे एसटी’ हे ब्रीद आलं आणि मुक्कामी गाडी नावाची व्यवस्था रुजली. संध्याकाळी शेवटच्या गावात गाडी पोचते, चालक-वाहक तिथंच झोपतात आणि पहाटे तीच गाडी विद्यार्थी, दूधवाले, बाजारकरी घेऊन तालुक्याकडे निघते. आडगावातल्या मुलीचं शिक्षण पुढे चालू राहिलं त्याचं श्रेय या पहाटेच्या गाडीला जितकं आहे तितकं फार थोड्या सरकारी योजनांना असेल.

एसटीला इतकं वेगळं काढणं पक्षपाती आहे, असं कुणी म्हणेल. तीही सरकारचीच, फायद्याचे मार्ग तिलाही हवेच होते, आणि तिच्या आधी खासगी सर्व्हिस मोटारी लोकांना नेत होत्याच. यातलं काहीही खोटं नाही. पण खासगी मोटार भरली की सुटायची आणि भरली नाही तर सुटायचीच नाही. तिला वेळेचं आणि गावाचं बंधन नव्हतं. एसटीनं तोट्याच्या मार्गाची भरपाई चालत्या मार्गानं करायची हे तत्त्व स्वीकारलं, आणि हेच तत्त्व पुढे तिच्या ताळेबंदाला जड गेलं. तोटा झाला हे तिच्या अपयशाचं लक्षण मानणाऱ्यांनी हा तोटा कशापोटी झाला तेही सांगायला हवं. अकोल्याच्या डोंगरातल्या वाडीला रोज एक गाडी मिळाली, ती तोटा सोसून.

आणि आता विमान. काकडी, तालुका कोपरगाव इथल्या शिर्डी विमानतळाचं उद्घाटन १ ऑक्टोबर २०१७ रोजी राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते झालं आणि पहिलं विमान मुंबईला गेलं. मुंबई ते काकडी हवाई अंतर सुमारे १७० किलोमीटर. रस्त्यानं शिर्डी २४० च्या घरात. तिथं जाणारं एटीआर विमान ताशी पाचशेच्या आसपास वेगानं उडतं, म्हणजे कागदावर वीस मिनिटांचं काम. वेळापत्रकात मात्र ते पाऊण तासाच्या आसपास जातं, कारण धावपट्टीपर्यंत सरकणं, चढणं, वळणं, उतरणं यांनाही वेळ लागतो. त्याआधी विमानतळावर पोचणं, तपासणी, वाट पाहणं. नंतर काकडीहून शिर्डीपर्यंत आणखी चौदा-पंधरा किलोमीटर. थोड्या अंतराचं विमान नेहमी असंच फसवं असतं. लंडन आणि पॅरिस यांच्यात हवाई अंतर ३४४ किलोमीटर आणि उड्डाणाला तास-सव्वा तास पुरतो. तरीही १९९४ साली समुद्राखालच्या बोगद्यातून युरोस्टार सुरू झाल्यावर प्रवाशांचा मोठा ओघ रेल्वेकडे वळला, कारण ती सव्वादोन-अडीच तासांत एका शहराच्या मध्यातून दुसऱ्या शहराच्या मध्यात सोडते. शिर्डीच्या विमानतळावर तर सुरुवातीची काही वर्षं रात्री विमान उतरवण्याची सोय नव्हती, आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये दृश्यता कमी झाल्यानं काही आठवडे सेवाच थांबली. साईभक्तासाठी हा विमानतळ वरदान आहे, विशेषतः हैदराबाद, चेन्नईकडून येणाऱ्यासाठी. त्यात वाईट काही नाही. प्रश्न नगरचा आहे. नगर शहरातून काकडी ऐंशी-नव्वद किलोमीटर आणि पुण्याचं लोहगाव त्याहून फार लांब नाही. जिल्ह्यात विमानतळ आला, पण जिल्ह्याच्या मुख्य शहराला तो पुण्याच्या विमानतळापेक्षा ठळकपणे जवळ आला नाही.

समृद्धी महामार्गाचंही तेच. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरांचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला, ५ जून २०२५ ला शेवटचा टप्पा होऊन ७०१ किलोमीटरांचा पूर्ण मार्ग सुरू झाला. कोपरगावच्या शेतांमधून तो जातो. त्यावर चढायला मात्र ठरावीक ठिकाणीच वाट आहे. जमीन ज्याची गेली त्याला समोरून जाणारा रस्ता वापरायचा तर आधी आंतरबदल गाठावा लागतो. नागपूर आणि मुंबई मात्र आठ तासांवर आली.

या दोन्हींच्या शेजारी नगर–बीड–परळी लोहमार्ग ठेवून पाहावा. लांबी २६१ किलोमीटर, मंजुरी १९९५ सालची. नगर ते आष्टी हा ६६ किलोमीटरांचा तुकडा सुरू व्हायला सप्टेंबर २०२२ उजाडला, आणि बीडपर्यंत गाडी पोचली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी. दौंड–मनमाड दुष्काळात हाती घेतला आणि दुष्काळ सरता सरता पुरा झाला, तोही फावड्या-घमेल्यांनी. बीडच्या मार्गाला यंत्रं होती, निधीचे वाटे ठरलेले होते, आणि तरी तीस वर्षं लागली. जमीन संपादन अवघड झालं आहे, कायदे बदलले आहेत, पैसा केंद्र आणि राज्य यांच्यात विभागून येतो, ही कारणं खरी आहेत. पण समृद्धीला जमीन याच काळात, याच राज्यात मिळाली. फरक एवढाच, की आष्टी, कडा, बीड इथल्या प्रवाशावाचून बाहेरच्या कुणाचं काही अडत नव्हतं.

म्हणून पुणे आणि नगर यांना थेट जोडणाऱ्या लोहमार्गाची मागणी पुन्हा जोर धरते आहे, तिच्याकडे पाहताना किती मिनिटं वाचतील एवढंच विचारून भागणार नाही. वाघोलीपासून शिक्रापूर, रांजणगावपर्यंत कारखान्यांनी आणि ट्रकांनी तुंबलेल्या रस्त्यावर १२० किलोमीटरांना आज तीन तास सहज लागतात, कधी चारही. या रस्त्यावर सर्वाधिक वेळ गमावतात ते रांजणगावच्या कारखान्यात पाळीला जाणारे, सुपा औद्योगिक वसाहतीत काम करणारे आणि शिरूर, पारनेरहून भाजीचे टेम्पो घेऊन निघणारे. नव्या मार्गाचा आराखडा पुढे येईल तेव्हा त्यात सुप्याला आणि शिरूरला स्थानक आहे की नाही, तिथं थांबणारी सकाळची आणि संध्याकाळची लोकल आहे की नाही, भाजीचा डबा आहे की नाही, हे आधी तपासायला हवं. ते नसेल तर नगर आणि पुणे आणखी जवळ येतील, आणि सुपा आहे त्याहून लांब जाईल.